फट कोणाची, मुभा कोणाची?

मागील हिवाळ्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे गेलो होतो. गोकुळेश्वराचे मंदिर, उघड्यावर उभा असलेला उंच कोरीव स्तंभ आणि गावात जागोजाग विखुरलेले अवशेष पाहून आम्ही टेकलो असता आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो याच गावचा. आता पुण्यास नोकरीला. दोन आसनांची नवी कोरी स्पोर्ट्स कार घेऊन तो वडिलांना दाखवायला आला होता. आम्ही अभिनंदन केले, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला दिसला.

"सर, मॅडम, जरा बघता का? बॉनेट उजव्या अंगाला बसलंच नाही. दाराचंही तसंच. शोरूमवाले म्हणतात, टॉलरन्समध्ये आहे. आता यावर मी काय म्हणावं?"

साहित्याच्या अध्यापकांनी मोटारीच्या पत्र्यावर मत द्यावे काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हांलाही पडला होता. परंतु त्या मुलाची खरी अडचण पत्र्यापेक्षा शब्दाची होती. त्याच्या डोळ्यांना जे स्पष्ट दिसत होते, ते एका पारिभाषिक शब्दाने नाहीसे केले गेले होते. अशा शब्दांशी झुंजणे हा तर आमचा व्यवसायच आहे.

आधी वस्तुस्थिती. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधील फट डावीकडे सारखी होती. उजवीकडे काचेजवळ अरुंद सुरू होऊन दिव्याकडे ती रुंदावत गेली होती. दाराचा मागचा काठ शेजारच्या पत्र्याहून किंचित वर आलेला होता. बोटाचे नख त्यावर अडत होते. जिंतूरच्या एका डेंटिंगवाल्या मिस्त्रींना दाखवले, तेव्हा त्यांनी ती गाडी एखाद्या संहितेसारखी वाचली. फट सगळीकडे सारखीच रुंद असेल, तर ती बहुधा रचनेतच धरलेली असते. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला तितकीच अरुंद असेल, तर भाग सरकलेला असतो. बोल्ट सैल करून तो हलवता येतो. पाचरीसारखी असेल, तर बिजागरी किंवा खटका पाहावा. आणि बिजागरी जागेवर असूनही फट जात नसेल, तर दोष खालच्या सांगाड्यात असू शकतो. मग त्यांनी बॉनेट उघडून बोल्टची डोकी दाखवली. त्यांवरचा रंग उडालेला होता. कोणीतरी पाना लावून आधीच प्रयत्न केला होता. "यानं हात लावला तर दिसतंय," मिस्त्री म्हणाले, "पण मी हात लावला तर यांची वॉरंटी जाईल. तुम्ही त्यांच्याकूनच करून घ्या."

दुपारी आम्ही पुन्हा मंदिराकडे आलो. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बांधकामाचे वैशिष्ट्य विद्यार्थ्यांना पाठ असते: चुन्याचा वापर न करता, घडवलेले दगड एकमेकांत बसवून, त्यांच्याच भाराने उभी केलेली रचना. ही पद्धत तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती त्याच्याहून जुनी आहे. पाठ असलेल्या या वाक्याचा अर्थ मात्र त्या दिवशी आम्हांला नव्याने उमगला. जिथे सांधा भरून काढायला चुना नाही, तिथे दगड शेजाऱ्याशी जुळवूनच घडवावा लागतो. प्रत्येक दगड म्हणजे एका विशिष्ट दुसऱ्या दगडाचा जोडीदार. चारठाण्यातही काही ठिकाणी सांधे उघडे पडलेले आहेत. पण त्या फटी ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि दुर्लक्ष यांनी शतकांच्या अवधीत पाडलेल्या आहेत. काळाने पाडलेली फट आणि जन्मतः असलेली फट यांत फरक आहे. पहिलीबद्दल हळहळावे; दुसरीबद्दल जाब विचारावा.

कारखान्यातील मोटारीचे तत्त्व याच्या उलट आहे. तेथे कोणतेही दार त्या जातीच्या कोणत्याही गाडीला बसले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मापात थोडी मुभा ठेवतात. तिलाच टॉलरन्स म्हणतात. ही मुभा आवश्यकच आहे. प्लॅस्टिकचा बंपर उन्हात पोलादी पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याला जागा नको काय? पण पाच भागांच्या पाच क्षम्य चुका एकाच दिशेने साचल्या, की सहाव्या ठिकाणी अक्षम्य फट उघडते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निर्दोष ठरतो, आणि दोष कोणाच्याच नावावर पडत नाही. मोठ्या कारखान्यात लाखो गाड्यांच्या अनुभवातून साचे सुधारत जातात. थोड्या संख्येने निघणाऱ्या स्पोर्ट्स कारला तो अनुभव मिळत नाही, आणि पाथरवटाजवळ असलेली सवडही मिळत नाही.

आपल्याकडचे उदाहरण अवंतीचे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेची ही स्पोर्ट्स कार २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडली गेली आणि पुढे पुण्याच्या परिसरात तयार होऊ लागली. आता तिचे उत्पादन थांबले आहे. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिच्या रूपाचे कौतुक झाले. मात्र परीक्षणांतून जुळणी आणि सफाईबद्दल नाराजीही उमटली. याहून बोलके उदाहरण डीलोरियनचे. उत्तर आयर्लंडमधील डनमरी येथे १९८१-८२ मध्ये सुमारे नऊ हजार गाड्या तयार झाल्या. बाहेरचा पत्रा रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचा. म्हणजे लांबी भरून, रंग मारून दोष झाकण्याची सोयच नव्हती. बहुतेक कामगारांना मोटार बनवण्याचा पूर्वानुभव नव्हता. पहिल्या गाड्या अमेरिकेत उतरल्यावर विक्रेत्यांकडे जाण्यापूर्वी खास केंद्रांत त्यांची दारे आणि पत्रे पुन्हा जुळवावे लागले. दोष कामगारांच्या हातांना देणे सोपे आहे. आम्हांला तो घाईचा वाटतो. कारखाना, कामगार आणि गाडी, सारेच नवे असताना विक्रीची तारीख मात्र ठरलेली होती.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही आमच्या मनाशी घेऊन पाहिला आहे. परभणी जिल्ह्यात, जिथे एका पावसाच्या ओढीने घरे मोडतात, तिथे मिलिमीटरभर फटीचे दुःख हे चैनीचे दुःख नव्हे काय? आम्ही तसे मानत नाही. त्या मुलाने सात वर्षांचे कर्ज घेतले आहे. शिवाय, बियाण्याच्या पिशवीपासून मोटारीपर्यंत प्रत्येक खरेदीत आपल्या माणसाला हेच ऐकवले जाते: तुम्हांला यातले कळत नाही, हे नियमांतच बसते. स्पोर्ट्स कारच्या ग्राहकाला जे सुनावता येते, ते पिशवी घेणाऱ्याला किती सहज सुनावले जात असेल!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नीटस सांधा हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानावा काय? अमेरिकी मोटारउद्योगातील जुनेजाणते अधिकारी बॉब लुट्झ यांनी २०१५ साली फोक्सवॅगनच्या फर्डिनांड पिएख यांच्याशी झालेला एक संवाद सांगितला. लुट्झ यांनी गाडीच्या बारीक फटींची स्तुती केली, तेव्हा पिएख यांनी त्यांचे रहस्य सांगितले: संबंधित सर्वांना बोलावून सहा आठवड्यांची मुदत दिली, आणि जुळणी सुधारली नाही तर नोकरी जाईल असे बजावले. फटी बारीक झाल्या. त्याच वर्षी डिझेल इंजिनांच्या धुराच्या चाचणीतील त्या कंपनीची लबाडी उघड झाली, आणि तिचे मूळ या धाकाच्या संस्कृतीत आहे, असे लुट्झ यांचे म्हणणे. म्हणजे बाहेरची फट मिटवली म्हणजे आतली मिटतेच असे नाही. म्हणून फट हे आम्ही लक्षण मानतो, निकाल नव्हे. तिच्यावरून प्रश्न सुरू करावा. निर्णय आधीच देऊन मोकळे होऊ नये. कवितेतील खटकणाऱ्या ओळीशी चांगला वाचक असाच वागतो.

तर मग करावे काय? गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती उजेडात, कोरडी, सर्व बाजूंनी पाहावी. हार घालून फोटो काढण्याची घाई करू नये. दोष दिसल्यास तो पावतीवरच लिहून घ्यावा. दोन्ही बाजूंच्या फटी मोजून, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह छायाचित्रे काढावीत. दारांच्या रबरातून पाणी झिरपते काय, वेगात वारा शिट्टी घालतो काय, हेही पाहावे. 'टॉलरन्समध्ये आहे' असे उत्तर आले, तर आकडा लेखी मागावा. किती मिलिमीटर? कुठे मोजलेले? रंगकाम सुचवल्यास आधी कारण विचारावे. एवढ्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदारास तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. मात्र गाडी बदलून मिळण्यासाठी दोष मुळातलाच आहे हे सिद्ध करावे लागते. म्हणूनच ती मापे आणि ते कागद मोलाचे.

त्या मुलाने पहिले पत्र लिहिले होते ते दोन पानी, संतप्त, आणि त्यात एकही आकडा नव्हता. आम्ही त्याच्यासोबत बसून ते नऊ ओळींत आणले: उजवीकडे पुढे सात मिलिमीटर, मागे तीन, डावीकडे सर्वत्र चार, बोल्टवरील रंग उडालेला, आपली मान्य मर्यादा किती, हे कळवावे. पंधरा दिवसांनी गाडी नेऊन बॉनेट पुन्हा बसवून देण्यात आले. दाराविषयीचे उत्तर अद्याप आलेले नाही; आकडाही आलेला नाही. दुसरे पत्र गेले आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आता आम्ही ही दोन्ही पत्रे, नावे काढून, वर्गासमोर ठेवतो. तक्रारअर्जाचा जो नमुना आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो, त्यात 'कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य असे. ते आम्ही खोडले आहे.