सृष्टिनिरीक्षण : खडकावरील नकाशा

गोड्या मसाल्यांतील दगडफूल प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचें आहे. परंतु तें फूल नव्हे, आणि एकटी वनस्पतिही नव्हे. बुरशी व शेवाळ यांचा तो एकत्र संसार होय. बुरशीनें आसरा व ओलावा द्यावा आणि शेवाळानें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करावें, अशी त्यांत कामाची वांटणी असते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं हें मत मांडलें, तेव्हां नामांकित पंडितांनीं तें धुडकावून लावलें होतें.

या वर्गांतील एक जात आल्प्स पर्वतावरील खडकांस घट्ट चिकटून वाढते. पिवळसर हिरवे बारीक तुकडे आणि त्यांच्याभोंवतीं काळ्या रेघा. जणूं राज्यांच्या सीमा आंखलेला नकाशाच! म्हणूनच लिनीअसनें १७५३ सालीं तिला भूगोलावरून नांव दिलें. आज तिला ऱ्हायझोकार्पन जिऑग्राफिकम म्हणतात.

परंतु केवळ रंगावरून ओळख पटली असें समजूं नये. अल्पिकोला नांवाची तिची बहीण त्याच डोंगरांत तसल्याच पिवळ्या लुगड्यांत वावरते! तेव्हां दोन कसोट्या लावाव्या लागतात. आंतील पांढऱ्या थरास आयोडीनचा थेंब लावतांच नकाशावाली निळी पडते. बहीण पडत नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां बहिणीच्या बीजुकांत दोनच कप्पे दिसतात, हिच्या बीजुकांत अनेक.

इतका काथ्याकूट कशासाठीं, असें कोणी विचारील. हिमनदी मागें हटली, कीं उघड्या पडलेल्या धोंड्यांवर हें दगडफूल वस्ती करतें आणि वर्षास मिलिमीटरभरही न वाढतां शतकानुशतकें पसरत राहतें. ज्यांचें वय ठाऊक आहे अशा दगडांवरील ठिपक्यांशीं ताडून पाहिलें, म्हणजे हिमनदी केव्हां हटली याचा अंदाज बांधतां येतो. ही रीत रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९५० सालीं मांडली. दोघी बहिणींच्या वाढीचा वेग मात्र निराळा आहे. एकीच्या जागीं दुसरीस मोजलें, तर सारा कालनिर्णयच चुकावयाचा!

आपल्या गडकोटांच्या पाषाणांवरही निराळ्या जातींचीं दगडफुलें असतात. मुलांस गडावर न्याल तेव्हां हातीं एक भिंग द्या. दगडावर नांव कोरावयास चाकू देऊं नका. जें वाढावयास कित्येक पिढ्या लागल्या, तें खरवडावयास क्षणही पुरतो.