तिथी पाहून समुद्राच्या भेटीला

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की काळबादेवी, गिरगाव, लालबाग, दादर येथील व्यापारी घरांत पेढी बंद झाल्यानंतर प्रवासाची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्यांत स्पेनमधील बार्सिलोनाचे नाव वारंवार ऐकू येते. समुद्रकिनारा, जुन्या वास्तू आणि निसर्ग या तिन्ही गोष्टी एकाच गावी लाभतात, हे त्याचे आकर्षण. ज्यांना शक्य असेल त्यांनी तेथे अवश्य जावे. मात्र तेथील किनाऱ्याची एक गोष्ट जाण्यापूर्वी ठाऊक असावी. १९९२ च्या ऑलिंपिकपूर्वी बार्सिलोना शहर आणि समुद्र यांच्यामध्ये कारखाने आणि रेल्वेचे रूळ पसरलेले होते. ते हलवून, वाळू आणून टाकून त्या शहराने आपला समुद्र परत मिळवला. आज पर्यटक ज्या वाळूवर बसतात, ती बव्हंशी माणसाने आणून टाकलेली आहे.

मुंबईकराला समुद्र परत मिळवावा लागत नाही, तो दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही परदेशातील किनाऱ्यांची नावे तोंडपाठ असणाऱ्या मुलांनी शिवडीची खाडी पाहिलेली नसते. या सुट्टीत एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवण्याजोगा आहे. त्या दिवसाचा मुहूर्त पंचांगातच सापडतो.

अष्टमी आणि चतुर्दशी या तिथी जैन घरांत व्रतनियमांसाठी लक्षात ठेवल्या जातात. कोकणचा कोळी त्याच तिथींवरून भरतीची वेळ काढतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा त्याचा ढोबळ हिशेब. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास. भरतीच्या छापील वेळापत्रकाशी एकदा ताडून पाहावे, एवढेच. चतुर्दशीची सकाळ शिवडीसाठी सोयीची ठरते ती याच कारणाने.

हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकापासून धक्का दूर नाही, आणि लालबाग-परळकरांना तर तो घरचाच म्हणावा लागेल. ओहोटीच्या वेळी येथे दूरवर चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी त्यात माना वाकवून चरत असतात. पाणी चढू लागले की ते हळूहळू काठाकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी तेथे पोहोचावे. साधारणपणे नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा मुक्काम असतो. १९९० च्या दशकापासून ते येथे मोठ्या संख्येने दिसू लागले. त्यांत छोट्या रोहितांची संख्या अधिक. त्यांचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. चिखलातील सूक्ष्म शैवाल आणि जलजीव यांतील रंगद्रव्य पिसांत उतरते, तेव्हा तो चढतो. कच्छचे रण हे रोहितांचे प्रसिद्ध प्रजननस्थान आहे. लालबाग-परळच्या ज्या कुटुंबांचे मूळ गाव कच्छात आहे, त्यांना हे पाहुणे आपल्या मुलखाचेच वाटतील.

पाहुण्यांना पाहण्याचेही काही नियम असतात. चिखलात उतरू नये. टाळ्या वाजवून थवा उडवू नये, कारण छायाचित्रासाठी उडवलेला पक्षी आपली चरण्याची वेळ गमावतो. धान्य टाकणे हे पुण्यकर्म वाटले तरी ते या पक्ष्यांचे अन्न नव्हे. दुर्बीण, टोपी आणि घरून गाळून नेलेले पाणी एवढी तयारी पुरेशी होते.

जवळच्या टेकडीवर शिवडीचा किल्ला आहे. तो १६८० च्या सुमारास इंग्रजांनी पहाऱ्यासाठी बांधला. अवघ्या नऊ वर्षांनी, १६८९ मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो त्याच्या हाती पडला. किल्ल्यावरून खाडीकडे पाहिले की एकाच दृष्टिक्षेपात तीन काळ दिसतात. पायांखाली सतराव्या शतकाचा तट, खाली खारफुटी आणि चिखल, आणि त्यापलीकडे जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू.

येथून दक्षिणेकडे फोर्टात यावे. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर व्यापारी कुटुंबांना अनोळखी नाही, पण मुलांना त्याची गोष्ट ठाऊक असेलच असे नाही. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातेच्या नावाने त्यासाठी देणगी दिली. बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे २८० फूट. दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घड्याळाच्या टोल्यांवरून कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते.

या कथेला दुसरीही बाजू आहे आणि ती समुद्राशी जोडलेली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. त्यांत बॅकबे कंपनी सर्वांत गाजली आणि प्रेमचंद त्या सट्ट्याच्या केंद्रस्थानी होते. अद्याप समुद्रातून वर न आलेल्या जमिनीचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि त्या वर्षीच्या जुलैत वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पेढ्यामागून पेढ्या कोसळल्या. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. मातेच्या नावाचे दान मात्र त्यांनी आधीच देऊन टाकले होते. सट्ट्यातील कागदांची रद्दी झाली, दानातून उभा राहिलेला मनोरा आजही वेळ सांगतो. मुलांना व्यापाराचा धडा देण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मुंबईत सापडणे कठीण.

त्याच खाडीत पुढे विसाव्या शतकात भर घालण्यात आली आणि मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा कमानदार रस्ता साकारला. त्यावरील आर्ट डेको शैलीच्या इमारती फोर्टातील गॉथिक वास्तूंसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या. हा रस्ता जेथे संपतो तेथे गिरगाव चौपाटी सुरू होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. तेथील त्यांचा पुतळा त्या दिवसाची आठवण देतो.

मलबार टेकडी चढून वाळकेश्वरास गेल्यावर बाबू अमीचंद पनालाल यांनी बांधविलेले आदीश्वर भगवंतांचे मंदिर येते. १९०४ मधील या मंदिराच्या दारी दगडी हत्ती आहेत. दर्शनानंतर थोडे खाली उतरले की बाणगंगा. रामाने बाण मारून येथे पाणी काढले, अशी श्रद्धा आहे. आजचा तलाव १७१५ मध्ये रामा कामत यांनी बांधविला. खारा समुद्र अगदी जवळ असूनही तलावातील झऱ्याचे पाणी गोडे आहे. बाणगंगेच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावे. सात बेटे जोडून आणि समुद्र हटवून उभारलेल्या या शहरात निसर्गाने दिलेले जे थोडे मूळ रूपात टिकले आहे, त्यांत हा झरा मोडतो.

शिवडीचा चिखलही त्यातलाच. ठाणे खाडीचा ऐरोली आणि वाशी येथील पुलांमधला भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शिवडी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. पक्ष्यांना हद्दी कळत नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे विमानाची धडक बसून एका रात्रीत ३९ रोहित मृत्यू पावले. मकरसंक्रांतीला मांज्याने जखमी झालेल्या पाखरांसाठी धावून जाणाऱ्या समाजाला या वार्तेचे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु पाखरू वाचवायचे तर त्याची चरण्याची जागाही वाचली पाहिजे, आणि जी जागा कधी पाहिलीच नाही तिच्यासाठी कोणी बोलत नाही.

व्यापाऱ्याच्या घरात एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. नफ्यातून खर्च करावा, मुद्दलाला हात लावू नये. चिखल, खारफुटी आणि गोड्या पाण्याचा झरा हे मुंबईचे मुद्दल आहे. एकदा बुजवले की वाळू आणून टाकून किनारा करता येईल, पण त्यावर रोहित उतरणार नाहीत.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी चौपाटीवर खाकरे-थेपल्यांचा डबा उघडावा आणि दिवस असतानाच जेवण आटोपून घ्यावे. मग वाळूवर बसून सूर्य मलबार टेकडीआड जाताना पाहावा. घरी परतल्यावर पुढच्या चतुर्दशीची भरती किती वाजता येईल, हे मुलांनाच काढायला सांगावे. पाऊणपटीचा हिशेब त्यांना एव्हाना पाठ झालेला असेल.