फोन, पेन्सिल आणि आकाशातली वाट

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

माझी मामेबहीण वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत घडीचा नकाशा, लांब पट्टी, कोनमापक आणि शिसपेन्सिल असा सारा सरंजाम होता. तो पाहून मला हसू आले. म्हटले, “ताई, अगं खिशात फोन असताना हे पेन्सिलीचे कर्मकांड कशाला?” ती म्हणाली, “आमचे सर सांगतात, फोन हा विमानातला पाहुणा. पाहुण्याच्या भरवशावर घर चालवायचे नसते.” त्या वेळी हे उत्तर मला जुनाट वाटले. पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो आणि माझे मत बदलले. मात्र ते पुरते बदलले नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

येथे प्रश्न आहे तो दोन-चार आसनांच्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानांचा. त्यांचा वैमानिक बहुधा खालची जमीन पाहतच वाट काढतो. नदीचे वळण, रेल्वेचा रूळ, तलाव, डोंगराची सोंड या त्याच्या खुणा. निघण्यापूर्वी तो नकाशावर रेघ ओढतो, दिशा मोजतो, वेग आणि वेळ यांचा हिशेब मांडतो. हा हिशेब वाऱ्यामुळे चुकतो. ताशी ९० मैलांनी जाणाऱ्या विमानाला बाजूने ताशी १५ मैलांचा वारा लागला आणि वैमानिकाने तो धरलाच नाही, तर ४० मिनिटांत विमान ६० मैल पुढे जाते, पण त्याच वेळी १० मैल बाजूलाही सरकते. दहा मैलांवरचे गाव धुरकट हवेत दिसत नाही. दिसते ते भलतेच गाव, आणि घाबरलेल्या माणसाला तेच आपले वाटू लागते.

याच विद्येच्या बळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. ही कथा ऐकून आपली छाती फुगते, ते योग्यच आहे. पण त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण विसरतो. जे पोहोचले त्यांच्या कथा झाल्या. वाट चुकून इंधन संपलेल्यांच्या कथा कोण सांगणार?

म्हणून फोनचा कैवार आधी घेतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन आपले ठिकाण काढतो. त्यासाठी मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हजारो हौशी वैमानिक फोन किंवा टॅब्लेटवर सरकता नकाशा पाहत उडतात. मोठ्या विमानतळाच्या हद्दीत छोटे विमान चुकून शिरले तर शेकडो प्रवाशांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून ब्रिटनचे विमान वाहतूक प्राधिकरणच अशा नकाशांच्या वापराला उत्तेजन देते. तेव्हा ‘फोन म्हणजे आळस’ असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु पाहुण्याचे काही दोष माहीत असावेत. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरावा, असे त्याच्या निर्मात्यांनीच लिहून ठेवले आहे. काचेच्या छताखाली उन्हात ठेवलेला फोन तापतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी बंद पडू शकतो. त्याच्यातल्या चुंबकांमुळे जवळचे होकायंत्रही भरकटते. म्हणजे स्वतः बंद पडण्यापूर्वी तो दुसऱ्या साक्षीदारालाही फितवतो! विमानातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि सगळी विमाने त्याच मापाने एकमेकांपासून अंतर राखतात. फोन दाखवतो ती उपग्रहांवरून काढलेली उंची वेगळी असू शकते. शिवाय उपग्रहांचे संकेत अतिशय क्षीण असल्याने ते दाबून टाकता येतात. अशा अडथळ्यांमुळे २०२४ मध्ये फिनएअर कंपनीला एस्टोनियातील टार्टू शहराची विमानसेवा महिनाभर थांबवावी लागली. मोठ्या कंपनीची ही कथा, तर खिशातल्या फोनची काय!

तरीही माझा मुख्य आक्षेप यंत्राच्या दोषांवर नाही. तो कळण्यासाठी १९८३ साली जावे लागेल. त्या वर्षी १ सप्टेंबरला कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. २६९ माणसे गेली. त्या क्रूरतेचे समर्थन होऊच शकत नाही. पण ते विमान तेथे गेलेच कसे? अलास्कातून निघाल्यावर ते मार्ग सोडून सरकत राहिले, पाच तासांहून अधिक काळ! त्यात त्या काळातली उत्तम दिशादर्शक यंत्रणा होती. मात्र स्वयंचलित चालक त्या यंत्रणेला जोडलाच गेला नाही, एका ठरावीक दिशेवर तो चालत राहिला आणि वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय चौकशीत १९९३ साली निघाला.

या दुर्घटनेनंतरच अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की, लष्करासाठी उभारली जात असलेली जीपीएस यंत्रणा नागरी विमानांनाही खुली राहील. पुढे २००० साली नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कमतरताही काढून टाकण्यात आली. आज आपल्या फोनमध्ये जो निळा ठिपका हलतो, त्याच्यामागे ही २६९ माणसे उभी आहेत. त्या दुर्घटनेतून आपण यंत्र घेतले. धडा मात्र घेतला का? यंत्र होते, माणसेही होती. ‘हे खरे आहे का?’ असे वेळेवर विचारणे तेवढे राहून गेले.

पेन्सिलीच्या रेघेचा उपयोग मला येथे दिसतो. जिने स्वतः हिशेब केला आहे, तिला दहाव्या मिनिटाला डावीकडे नदी दिसायला हवी हे ठाऊक असते. नदी दिसली नाही की ती फोनकडे पाहील, होकायंत्राकडे पाहील, शंका घेईल. जिने हिशेबच केला नाही, तिला शंका कशाची येणार? ठिपका सांगेल ते खरे! म्हणून फोन जरूर न्यावा; तो आपला हिशेब तपासण्यासाठी. आणि ज्याला फोनवाचून परतता येणार नाही, त्याने फोन घेऊनही उडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताई पुढच्या महिन्यात पहिल्यांदा एकटी दूरच्या धावपट्टीवर जाऊन परत येणार आहे. घरात काळजीचे वातावरण आहे. मामी रोज विचारते, “फोन चार्ज केलास ना गं?” मी विचारतो, “पेन्सिलीला टोक केलेस ना?” ताई दोघांनाही हो म्हणते.