खोली रिकामी, पाहुणा फलाटावर

सत्रपरीक्षा आटोपल्या की विद्यापीठातील मुले गावाकडे जातात आणि वसतिगृहांच्या अनेक खोल्यांना कुलपे लागतात. नेमक्या त्याच उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या सीमाभागातील माणूस मुलामुलींच्या प्रवेश परीक्षांसाठी शहराच्या वाटेला लागतो. लग्नसराईमुळे लॉजचे दर तेव्हाच चढलेले असतात. ज्याला ते परवडत नाहीत, तो बसस्थानकाच्या बाकावर नाही तर रेल्वेच्या फलाटावर पिशवी उशाला घेऊन रात्र काढतो. एकीकडे रिकामी खाट आहे, दुसरीकडे पाठ टेकायला जागा नसलेला माणूस आहे. या दोहोंची गाठ घालून देण्याचा विचार आपण करणार आहोत की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या घराण्यांना वसतिगृहाची खोली नवी नाही. १९५६ पूर्वी बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. वरचे शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, असे समीकरण होते. घरातला एक मुलगा शिकायला गेला की त्याची खोली ही साऱ्या भावकीची उतरण्याची जागा होई. कोर्टाचे काम असो, दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, माणसे ‘पोराच्या खोलीवर’ उतरत. सोबत भाकरी, चटणी आणि पोरासाठी तुपाचा डबा असे, आणि त्याचे मित्रही त्या डब्याचे वाटेकरी होत.

त्या खोलीचे मोल काय असते, हे १९३८ साली सर्वांना कळले. उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली. ती न जुमानणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि विद्यापीठातून बाहेर काढण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या पिढीतलेच. परक्या गावात डोक्यावर छप्पर मिळाले नसते, तर त्या मुलांचे शिक्षण तेथेच संपले असते.

आज ‘पोराच्या खोलीवर’ उतरणे अवघड झाले आहे, आणि त्यामागील कारणे बरोबर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरोधी नियम केले. आत कोण येते, कोण राहते यावर लक्ष ठेवणे हे वॉर्डनचे कर्तव्यच आहे. पुण्याच्या वसतिगृहांत विनापरवाना राहणाऱ्याला मुले ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द थट्टेचा असला, तरी तपासणी झाली की दंड भरावा लागतो तो खोली ज्याच्या नावावर आहे त्या मुलाला, आणि प्रसंगी त्याची खोलीही जाते. गावाकडून आलेल्या काकांना ‘नाही’ म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही आणि ‘हो’ म्हणणे नियमात बसत नाही. या कात्रीत आपल्याच मुलांना अडकवणे आता थांबवले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. बहिणीच्या वसतिगृहात भावाला किंवा वडिलांना प्रवेश नसतो, आणि नसावाच. पण मग औराद तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून मुलीला परीक्षेला घेऊन आलेल्या बापाने रात्र कोठे काढावी? या एका प्रश्नापायी अर्जच न भरलेल्या मुली आपल्या नात्यागोत्यात नाहीत काय? प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातला प्रवास बदलला आहे. २००८ साली उच्च न्यायालयाचे पीठ कलबुर्गीला सुरू झाले आणि २०१३ साली ते कायम झाले. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे धावू लागली. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने ‘शक्ती’ योजनेखाली राज्याच्या साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास दिला. भालकीची आई मुलीला घेऊन तिकिटाविना कलबुर्गीपर्यंत जाऊ शकते, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र पोहोचल्यावर संध्याकाळी लॉजच्या दाराशी उभे राहिले की वाचलेल्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. प्रवास स्वस्त झाला, मुक्काम महागच राहिला. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा गेली काही वर्षे मे महिन्यात होते. दुपारच्या पेपरसाठी दीड वाजता फाटक बंद होते. लांबच्या खेड्यातल्या मुलाने सकाळच्या पहिल्या गाडीवर विसंबून वर्षभराचा अभ्यास पणाला लावावा, असे कोण म्हणेल?

यावर उपाय शोधायला फार दूर जायला नको, पण दूरचे उदाहरणही पाहावे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजसह अनेक विद्यापीठे सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. खोली साधी असते, न्हाणीघर पुष्कळदा सामाईक असते, सकाळचा नाश्ता भोजनगृहात मिळतो. प्रवाशाला स्वस्तात सोय होते आणि रिकाम्या इमारतीतून संस्थेला उत्पन्न मिळते. आणि आपले बीदर? महमूद गावानने १४७२ च्या सुमारास येथे बांधलेल्या मदरशात दुरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या विद्येच्या इमारतीतच होत्या. गावान स्वतः इराणातल्या गिलानहून आलेला व्यापारी. परक्या मुलखात मुक्कामाची अडचण काय असते, हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल.

आता अडचणीही मोकळेपणाने मांडू. संशोधक विद्यार्थी सुट्टीतही राहतात, त्यांचा अभ्यास मोडता कामा नये. अनेक मुले सामान खोलीतच ठेवून जातात. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, मेस बंद असते, कर्मचारी कमी असतात. बाहेरचा माणूस आत घेतला की सुरक्षेची जबाबदारी येते. हे सारे खरे आहे. म्हणूनच आम्ही सरसकट दारे उघडा असे म्हणत नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे. ज्ञानगंगा परिसरातील गुलबर्गा विद्यापीठ, आळंद तालुक्यातील कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठ आणि बीदरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ यांनी सुट्टीपुरती वसतिगृहाची एकच बाजू सामान हलवून मोकळी करावी. ओळखपत्र, नोंदवही आणि फार तर तीन रात्रींची मर्यादा ठेवावी. महिलांची सोय स्वतंत्र असावी व तेथे महिला वॉर्डनच असाव्यात. पहिला हक्क परीक्षार्थी आणि त्यांच्या पालकांचा, मग रुग्णांच्या नातेवाइकांचा आणि कोर्टाच्या तारखेला आलेल्यांचा. बीदरचा किल्ला पाहायला येणाऱ्या पर्यटकाचा क्रमांक त्यानंतर. भाडे परवडेल असे असावे आणि ते त्याच वसतिगृहाच्या पाण्यावर, स्वच्छतेवर व दुरुस्तीवर खर्च व्हावे. विद्यार्थी परतण्याच्या आठ दिवस आधी खोल्या धुऊन-पुसून त्यांच्या ताब्यात द्याव्यात. सत्र सुरू असताना येणाऱ्यांसाठी आठ-दहा खाटांचा एखादा हॉल पुरेसा आहे. नांदेड आणि सोलापूरच्या विद्यापीठांनाही हीच विनंती आहे, कारण आपली निम्मी सोयरीक आणि निम्मी कामे त्या बाजूला आहेत.

ही मागणी केवळ मराठी माणसासाठी नाही. फलाटावर झोपलेल्या कन्नड, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या शेतकऱ्याची पाठही तितकीच दुखते. सीमाप्रश्नावरील आपली भूमिका जिथे आहे तिथे आहे. हा प्रश्न मात्र शेजाऱ्याला सोबत घेऊनच सुटेल, आणि त्याला सोबत घेतले तर लवकर सुटेल.

शेवटी स्वतःकडे पाहू. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केले, तेव्हा समाजाची मुले शहरात टिकली पाहिजेत ही दृष्टी होती. आज आपल्या संस्थांची मंगल कार्यालये आहेत, सभागृहे आहेत, काहींची बोर्डिंगे आहेत. ती लग्नाच्या तारखांना गजबजतात आणि इतर दिवशी बंद असतात. दुसऱ्याचे कुलूप काढा म्हणण्यापूर्वी आपले कुलूप काढले पाहिजे. प्रत्येक शाखेने येत्या बैठकीत परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती तरी आपली वास्तू उघडण्याचा ठराव करावा. जुन्या घराण्यांच्या वाड्यांतही माडीवरच्या खोल्या रिकाम्या आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला गेली, पण उंबरा तोच आहे.

विद्यापीठांच्या सिंडिकेटकडे आणि कुलगुरूंकडे निवेदने जाऊ द्या. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दारी आलेल्याला रात्री ‘पुढे जा’ म्हणायची रीत आपल्याकडे कधीच नव्हती. ती रीत आपल्या पैशांतून उभ्या राहिलेल्या इमारतींनाही लागू असावी.