अर्थिंग म्हणजे न्यूट्रल नव्हे!

आपल्या विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. आणि कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आली नाही, असाही उन्हाळा जात नाही. सुट्टीत कामरगावला घरी गेलो, पत्र्याच्या कूलरला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. सॉकेट उघडून पाहतो तर काय, अर्थची पिन तारेच्या तुकड्याने सरळ न्यूट्रललाच जोडलेली! वायरमन काकांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, एकच असते ते दोन्ही.”

काकांचं अर्धं बरोबर आहे. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीत नेलेला असतोच. पण डीपी ते घर या वाटेत न्यूट्रल कुठे तुटला, की फेज मोटरमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यावरून थेट पत्र्यावर येतो. म्हणजे पत्रा २३० व्होल्टवर! न्यूट्रल ही करंटची रोजची परतीची वाट, अर्थिंग ही फक्त बिघाडाच्या वेळची. कामं दोन, म्हणून शब्द दोन.

एमसीबीचंही तेच. “एमसीबी बसवली, आता शॉकची भीती नाही,” हे तर शहरातही ऐकलंय. एमसीबी असते वायर जळू नये म्हणून. सहा अँपिअरच्या एमसीबीला माणसातून जाणारा पाव अँपिअर कळतही नाही, आणि जीव जायला तेवढा पुरे. माणसासाठी असते ती आरसीसीबी. गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती बंद.

काकांवर हसणं सोपं आहे हो. ते उस्तादाच्या हाताखाली शिकले. आपण मात्र आयएस ३०४३, म्हणजे अर्थिंगचं भारतीय मानक (मूळ १९६६चं, २०१८ साली सुधारलेलं), व्हायव्हापुरतं इंग्रजीतून घोकलं आणि घरचं सॉकेट चार वर्षांत एकदाही उघडलं नाही! यावर जडजड मराठी प्रतिशब्द काढा, असं माझं म्हणणं नाही. अर्थिंग हा शब्द गावात कधीचाच रुळलाय. अर्थिंग आहे, अर्थ तेवढा पोचला नाही (कोटीबद्दल माफी!). तो सांगायचं काम आपलं होतं.

तो तुकडा काकांनीच काढला. परसात खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरून वेगळी अर्थिंग केली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. रोज त्यात बादलीभर पाणी टाकायचं काम आता आईने घेतलंय.