सहीपलीकडचा करार

"सही केलेली नाही ना, मग काळजी कशाला?" कॅनडात धंदा करणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या, खोली भाड्याने घेणाऱ्या आपल्या माणसांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. कधी तीच माणसं उलटंही सांगतात : "सही केलीस ना, आता सुटका नाही." दोन्ही वाक्यं एकाच समजुतीतून निघतात, ती म्हणजे करार कागदात असतो. ही समजूत मला चुकीची आणि घातक वाटते. आपल्या बोलण्यावागण्यावरून समोरच्या समंजस माणसाला जे समजायला जागा मिळते, त्यातून बंधन तयार होतं. कागद त्याचा पुरावा असतो, एवढंच.

सस्कॅचवानमधल्या जवसाच्या खटल्याची २०२३ मध्ये जगभर टिंगल झाली. मार्च २०२१ मध्ये एका धान्य खरेदी कंपनीच्या माणसाने शेतकऱ्याशी फोनवर बोलून ८६ टन जवसाचा करार लिहिला. भाव बुशेलला १७ डॉलर, माल नोव्हेंबरमध्ये. स्वतःची सही करून त्याने कराराचा फोटो पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. उत्तरादाखल आलं फक्त उंचावलेल्या अंगठ्याचं चिन्ह. नोव्हेंबरपर्यंत भाव ४१ डॉलरवर गेला आणि जवस आलाच नाही. न्यायालयाने शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

टीकाकार म्हणतात, चिन्ह म्हणजे नुसती पोहोच. शेतकऱ्याचंही तेच म्हणणं होतं. पण कंपनी आणि शेतकरी यांचे आधीचे व्यवहार त्याच फोनवर, असेच झाले होते. करार आला की शेतकरी 'ओके', 'हो' एवढंच लिहायचा, माल पोहोचवायचा, पैसे घ्यायचा. तेव्हा एका शब्दाने करार होत होता, मग भाव वाढल्यावरच ते उत्तर पोहोच कसं ठरतं? उलट भाव नऊ डॉलरवर कोसळला असता आणि कंपनीने हात वर केले असते, तर हाच अंगठा घेऊन शेतकरी न्यायालयात गेला असता आणि जिंकायलाच हवा होता. मनात काय होतं ते न्यायालय तपासत नाही, कारण मनातलं प्रत्येकाला नंतर बदलता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सस्कॅचवानच्या माल विक्री कायद्यानुसार ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. ही अट इंग्लंडच्या १६७७ च्या कायद्यातून आली. चिन्ह म्हणजे सही का? २०२४ च्या अपिलात तीनपैकी एका न्यायाधीशाने नाही म्हटलं. पण सहीकडून कायद्याला हवं तरी काय? माणूस कोण ते कळावं आणि त्याची संमती दिसावी. फोन त्याचा, चिन्ह त्याने पाठवलेलं, उत्तर त्या कराराच्या फोटोला. हेतू पुरा झाला असेल तर शाईसाठी अडून बसणं म्हणजे शब्द मोडणाऱ्याच्या हाती हत्यार देणं होय.

आता सही असूनही न बांधणारे करार. ओंटॅरिओच्या अपील न्यायालयाने १९७८ मध्ये टिल्डन या गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. घाईत सही घ्यायची आणि मागच्या बारीक अक्षरांत विम्याचं संरक्षण हिरावणारी अट लपवायची, हे चालणार नाही असं त्या निकालाने ठरवलं. २०२० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचं तक्रार निवारणाचं कलम रद्दबातल ठरवलं. आठवड्याला चारशे ते सहाशे डॉलर कमावणाऱ्या चालकाने तक्रारीसाठी आधी १४,५०० अमेरिकी डॉलर भरायचे, आणि तेही नेदरलँड्समधल्या लवादापुढे! ब्रॅम्प्टनमध्ये रात्री गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलांनी हा निकाल माहीत करून घ्यावा. ओंटॅरिओत तोंडी ठरलेलं भाडंही कायद्याने करारच आहे, तेही जाणून घ्यावं.

खरी अडचण आहे ती मोबदल्याच्या नियमात, आणि तिथे मी कायद्याच्याच विरोधात आहे. इंग्रजी परंपरेत मोबदल्याविना दिलेला शब्द साधारणपणे बांधत नाही. डलहौसी कॉलेजला एकाने ५,००० डॉलरची देणगी लिहून दिली आणि न देताच तो वारला. अशा देणग्यांच्या भरवशावर आपण कामं हाती घेतली, असं कॉलेजने मांडलं. तरी १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. ओंटॅरिओत एका पोलाद पुरवठादाराला बिल्डरने वाढीव भाव तोंडी कबूल केला, माल उतरवून घेतला आणि फरक दिलाच नाही. १९७६ चा निकाल बिल्डरच्या बाजूने लागला, कारण पुरवठादाराने नवं काही दिलं नव्हतं!

नियमाचे समर्थक म्हणतात, तो काढला तर अडवणूक करून वाढीव भाव उकळले जातील. मान्य, पण जबरदस्तीवर उपाय म्हणजे जबरदस्ती तपासणं. न्यू ब्रन्स्विकच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये हेच केलं. ब्रिटिश कोलंबियात लॉटरी लागलेल्या एका बाईने मैत्रिणीला सहा लाख डॉलर उसने दिले. मैत्रीण दरवर्षी "पुढच्या वर्षी देते" म्हणत राहिली, बाई थांबत राहिली, आणि शेवटी दावा करण्याची कायदेशीर मुदत संपल्याचं सांगून मैत्रिणीने पाठ फिरवली. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं की मुदतवाढीचा तो शब्द नव्या मोबदल्याविनाही बांधतो. क्वेबेकमध्ये तर दिवाणी संहितेला मोबदला लागतच नाही. संमती आणि व्यवहाराचं खरं कारण पुरतं. तिथला व्यापार त्यामुळे बुडालेला नाही. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही कलम ६३ प्रमाणे देणेकऱ्याला मोबदल्याविना सवलत देता येते. मग ओटावातल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या निकालातला तो नियम साऱ्या देशासाठी मोडीत काढायला आणखी कशाची वाट पाहायची?