वर्ध्याच्या उन्हात ससा?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर जातो. पाळीव ससा 30 अंशांपुढेच कासावीस होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे टाकतो. टिनाखाली पिंजरा ठेवणार असाल, तर ससा आणूच नका.

थंड खोली आहे? तरी विचार करा. ससा 8 ते 12 वर्षे जगतो. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला रोज भरपूर सुके गवत हवे. गाजर हा नुसता खाऊ. अर्धा दिवस खाणे थांबले, तरी डॉक्टर गाठावा लागतो.

आणि बोरच्या जंगलाकडचा रानससा? त्याला पकडणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेतात एकटे पिल्लू दिसले, तरी उचलू नका. आई दिवसा मुद्दाम दूर राहते, अंधारल्यावर पाजायला येते.